चार रकाने, एक गळलेली ओळ

चौतीस वर्षं मी प्रुफं तपासली. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलं. माणूस निवृत्त होतो, डोळा होत नाही. दुकानाच्या पाटीपासून लग्नपत्रिकेपर्यंत जे समोर येईल त्यातला ऱ्हस्व-दीर्घ अजूनही टोचतो. त्यामुळे 'शुभवर्तमानं इतिहास म्हणून किती भरवशाची?' या प्रश्नावरची अठ्ठावीस व्याख्यानांची ध्वनिमुद्रित मालिका मी मागवली, ती खरं तर तिच्यासोबत मिळणाऱ्या पुस्तिकेसाठी. शुभवर्तमानं म्हणजे बायबलातली येशूची चार चरित्रं. मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांची ही चारही या पुस्तिकेत शेजारी-शेजारी चार रकान्यांत छापली आहेत. प्रुफं तपासणाऱ्याला चार रकाने दाखवणं म्हणजे मांजराला लोकरीचा गुंडा दाखवणं.

मालिका इंग्रजीत आहे. दोन व्याख्याते आळीपाळीने बोलतात, प्रत्येक भाग अर्ध्या तासाचा. त्यातले गृहस्थ म्हणतात, या चार लेखकांवर साधारणपणे विसंबायला हरकत नाही. बाई म्हणतात, प्रत्येक ओळ पारखून घ्या, मग बोलू. दोघंही विद्वान, दोघंही सभ्य. दोघांनाही एकमेकांचा शेवटचा शब्द सहन होत नाही.

मी ऐकलं ते एकटीने नाही. माझी एक मैत्रीण रविवारच्या शाळेत मुलांना बायबल शिकवते, तिला वचनंच्या वचनं पाठ आहेत. मला एकही नाही. जुन्या छापखान्यात एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचायचा आणि दुसरा प्रुफावर बोट ठेवून ऐकायचा, तशी आमची जोडी जमली. ती म्हणायची, मी ओळ शोधायची. तिची श्रद्धा मालिका संपल्यावर होती तिथेच आहे आणि माझा संशयही. त्याबद्दल हे परीक्षण नाही.

पहिले तीन भाग पायाभरणीचे आहेत, आणि चांगले आहेत. चारही शुभवर्तमानं ग्रीकमध्ये लिहिलेली. येशू आणि त्याचे शिष्य बोलत ते अरामीत. मजकुरात लेखकाने स्वतःचं नाव कुठेच सांगितलेलं नाही, 'मत्तयकृत', 'मार्ककृत' ही शीर्षकं नंतर चिकटली असं बहुतेक अभ्यासक मानतात. येशूचा मृत्यू इसवी सन ३०च्या आसपास, मार्क साधारण ७०च्या सुमाराचा, मत्तय आणि लूक त्यानंतरच्या दहा-वीस वर्षांतले, योहान शतकाच्या अखेरीचा, ही सर्वसाधारण मान्य कालगणना. त्याआधीच्या तारखा मांडणारेही आहेत, गृहस्थ त्यांच्याकडे झुकतात. दुसऱ्या शतकाच्या आरंभीचा ख्रिस्ती लेखक पापियास म्हणतो की मार्क हा येशूचा शिष्य पेत्र याचा दुभाषा होता. त्याने ऐकलं ते नीट लिहिलं, पण क्रमाने नाही. पापियासचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्याचं हे वाक्य आपल्याला चौथ्या शतकातल्या युसेबियस या चर्चच्या इतिहासकारामुळे कळतं. गंमत म्हणजे हाच युसेबियस दुसरीकडे पापियासला बेताच्या बुद्धीचा माणूस म्हणतो. साक्षीदार उभा करायचा आणि त्याच्या अकलेचं प्रमाणपत्रही आपणच द्यायचं! यावर दोन्ही व्याख्याते हसतात. अख्ख्या मालिकेत ते एकत्र हसलेले मला एवढ्या एकाच ठिकाणी सापडले.

आता रकान्यांकडे. चार शुभवर्तमानांत फरक आहेत हे लोकांना पहिल्यापासून ठाऊक होतं. इसवी सन १७०च्या सुमाराला तातियान या ख्रिस्ती लेखकाने त्यावर उपाय काढला: चारही उसवायची आणि एकच सलग कथा विणायची. पुढे शतकानुशतकं अशा जुळवाजुळवी होत राहिल्या. अठराव्या शतकाच्या सातव्या दशकानंतर ग्रीसबाख या जर्मन अभ्यासकाने उलटं केलं. त्याने विणलं नाही, नुसतं शेजारी ठेवलं. ऐकायला किती साधं वाटतं! पण विणलेल्या कापडात टाके दिसत नाहीत, शेजारी ठेवलेल्या तुकड्यांत कात्री कुठे चालली ते दिसतं. मार्कच्या ६६१ वचनांपैकी सुमारे सहाशेंचा मजकूर मत्तयात या ना त्या रूपात सापडतो, पुष्कळदा शब्दाला शब्द. दोन उत्तरपत्रिका इतक्या जुळल्या की कोणताही परीक्षक विचारणारच, कोणी कोणाचं पाहिलं? ग्रीसबाखचं स्वतःचं उत्तर असं की मार्क शेवटचा, त्याने इतरांचा संक्षेप केला. आज बहुसंख्य अभ्यासक उलट म्हणतात: मार्क आधीचा, मत्तय-लूक यांनी त्याच्यावरून लिहिलं. ग्रीसबाखचे रकाने टिकले, निष्कर्ष मागे पडला.

हे बहुसंख्य असं का म्हणतात, त्यावरचा नववा भाग मी तीनदा ऐकला. त्या एका भागासाठी मालिका घ्यावी, इतका तो सरस आहे.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या वधाचा प्रसंग घ्या. मार्कच्या सहाव्या अध्यायात, वध करवणाऱ्या हेरोदाला सरळ 'राजा' म्हटलंय, एकदा नाही, सारखं. वस्तुतः हा हेरोद अंतिपास राजा नव्हता, तो मांडलिक होता. पुढे ३९ साली राजेपद मागायला रोमला गेला आणि आहे तेही घालवून हद्दपार झाला. मत्तयाला हे ठाऊक असावं, कारण त्याच्या चौदाव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात त्याने दुरुस्ती केली आहे: 'मांडलिक हेरोद'. छान. पण आठ वचनं खाली या, नवव्या वचनात लिहिलंय, 'राजाला वाईट वाटलं.' झालं! मूळ प्रतीतला 'राजा' हळूच परत आला.

बरं, वाईट का वाटलं? मार्कमध्ये त्याला कारण आहे. तिथे योहानाच्या जिवावर हेरोदाची बायको हेरोदिया उठलेली आहे, हेरोदाला स्वतःला मात्र योहानाचं ऐकायला आवडतं. त्यामुळे तिच्या मुलीने योहानाचं शिर मागितल्यावर त्याला वाईट वाटणं सरळ आहे. मत्तयाने कथा आखडली आणि योहानाला मारायची इच्छा हेरोदाच्याच पदरात घातली. मग ज्याला मारायचं होतं त्याच्या मरणाचं दुःख कशाला? मजकूर बदलला, पण मूळच्यातलं एक वाक्य तसंच राहून गेलं.

मी ऐकता ऐकता उठून उभी राहिले. ही चूक मी हजारदा पाहिली आहे. कादंबरीकार मधेच नायिकेचं नाव सुमनचं सुनंदा करतो, पहिली चाळीस पानं नीट बदलतो, आणि एकेचाळिसाव्या पानावर सुमन दार उघडून आत येते. नकलून घेताना सुरुवातीला हात जागा असतो, मग थकतो. १९९८ साली मार्क गुडएकर या अभ्यासकांनी या 'थकव्या'ची अशी बरीच उदाहरणं एकत्र मांडली आणि म्हटलं, थकवा ज्याच्या मजकुरात दिसतो तो नकलणारा. लूकचंही एक आहे. पाच हजारांना जेवू घालण्याच्या प्रसंगात तो सगळ्यांना बेथसैदा नावाच्या गावी नेतो, आणि थोड्याच वेळात शिष्य म्हणतात, आपण इथे ओसाड जागी आहोत. ओसाड जागा मार्कची.

मैत्रीण म्हणाली, "अगं, पण यात खोटं कुठे आहे? फार तर घाई आहे."

तिचं बरोबर आहे, आणि मालिकेतल्या बाई नेमक्या इथेच गडबडतात. कोणी कोणावरून लिहिलं हे सिद्ध झालं की घडलं काय याचाही निकाल लागला, अशा थाटात त्या पुढे जातात. नकलणारा खोटारडा असेलच असं नाही आणि मूळ प्रत खरी असेलच असंही नाही. प्रत आणि घटना या दोन वेगळ्या गोष्टी. आम्ही प्रुफवाले आयुष्यभर प्रत सांभाळतो. लेखक थापा मारतोय का, हे आम्हाला कोणी विचारत नाही.

अकरावा भाग पाठभेदांचा, म्हणजे हस्तलिखित प्रतीप्रतींतल्या मजकुराच्या फरकांचा. मार्कच्या दुसऱ्याच वचनात एक घोळ आहे. 'यशया संदेष्ट्याने लिहिल्याप्रमाणे' असं म्हणून तो जे उद्धृत करतो त्याचा पहिला तुकडा यशयाचा नाहीच, तो मुख्यतः मलाखी या दुसऱ्या संदेष्ट्याचा आहे. यशया त्याच्या पुढच्या ओळीत येतो. चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन थोर हस्तलिखितांत 'यशया' असंच आहे. पण नंतरच्या बहुसंख्य प्रतींत काय दिसतं? 'संदेष्ट्यांनी लिहिल्याप्रमाणे.' कुणा नकलकाराला चूक दिसली, त्याने नाव काढलं आणि अनेकवचन घालून मोकळा झाला. मी त्याच्या जागी असते तर हेच केलं असतं, देवाशप्पथ. मत्तय आणि लूक यांनी आणखी सफाईने केलं: त्या जागी फक्त यशयाचा तुकडा ठेवला आणि मलाखीचा दुसरीकडे हलवला.

म्हणून पाठचिकित्सेचा एक जुना नियम आहे की दोन पाठांपैकी अवघड तो बहुधा मूळचा. दुरुस्ती चुकीकडून शुद्धाकडे जाते. मुद्दाम कोणी 'संदेष्ट्यांनी'चं 'यशयाने' करून चूक आत घालणार नाही. आमच्या धंद्याच्या बरोबर उलटा नियम! आम्ही सोपा पाठ घेतो, हे लोक अवघड घेतात.

१७०७ साली जॉन मिल यांनी ग्रीक नव्या कराराची, म्हणजे बायबलाच्या ज्या भागात ही शुभवर्तमानं आहेत त्याची, आवृत्ती काढली आणि सुमारे तीस हजार पाठभेद नोंदवले, तेव्हा लोक हादरले. आज पाच हजारांहून अधिक ग्रीक हस्तलिखितांची नोंद आहे आणि पाठभेद लाखांत मोजतात. आकडा ऐकून दचकू नये. बहुतेक भेद स्पेलिंगचे, शब्दक्रमाचे, डोळा चुकल्याचे. प्रती जास्त तितके भेद जास्त, आणि पडताळायची सोयही जास्त. गृहस्थांनी हे फार सुरेख समजावलंय. पण मोठे भेद दोन-चारच आहेत असं म्हणून ते जरा घाईने निघून जातात. मार्कच्या शेवटची बारा वचनं, म्हणजे पुनरुत्थानानंतर येशू शिष्यांना दिसतो तो भाग, सिनाई आणि व्हॅटिकन दोन्ही प्रतींत नाहीत. 'तुमच्यातला जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड मारावा' ही सगळ्या जगाला माहीत असलेली गोष्ट योहानाच्या सर्वांत जुन्या प्रतींत नाही. दोन-चारच, पण वजन बघा.

नकलकारांचे किस्से मात्र मन लावून सांगितलेत. चौदाव्या शतकातल्या एका प्रतीला १०९ असा क्रमांक आहे. लूकच्या तिसऱ्या अध्यायातली येशूची वंशावळ तिच्या नकलकारासमोर दोन रकान्यांत होती. त्याने एक रकाना संपवून दुसरा घ्यायचा सोडून आडवं वाचत नेलं. परिणामी जवळजवळ प्रत्येकाला भलताच बाप मिळाला, आणि सगळ्यांच्या मुळाशी असायचा तो देव मधेच कुठेतरी अरामाचा मुलगा होऊन बसला! दुसरा किस्सा व्हॅटिकन प्रतीचा. योहानाच्या सतराव्या अध्यायात येशू प्रार्थना करतो: तू यांना जगातून काढून घ्यावं अशी माझी विनंती नाही, तर यांना दुष्टापासून राखावं अशी आहे. ग्रीकमध्ये 'त्यांना... पासून' हे शब्द जवळजवळ दोनदा येतात. नकलकाराचा डोळा पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारून गेला आणि मधलं गळलं. उरलं ते असं: तू यांना दुष्टापासून काढून घ्यावं अशी माझी विनंती नाही. आनंदीबाईंना निदान 'ध'चा 'मा' करायला हेतू तरी होता. इथे नुसती डुलकी.

आणि आता माझी मुख्य तक्रार. हेच सगळं शिकवणाऱ्या या पुस्तिकेत, एकशे बाराव्या पानावर, रिकाम्या कबरेच्या प्रसंगात, मार्कच्या रकान्यातून एक अख्खं वचन गळलेलं आहे. स्त्रिया पहाटे कबरेकडे जातात. वाटेत एकमेकींना विचारतात, कबरेच्या तोंडावरची धोंड आपल्यासाठी कोण लोटेल? इंग्रजीत आधीचं वाक्यही 'कबर' या शब्दाशी संपतं आणि हा प्रश्नही. अक्षरजुळणी करणाऱ्याचा डोळा एका कबरेवरून दुसऱ्या कबरेवर गेला आणि प्रश्न नाहीसा झाला. आता चारही रकान्यांत पाहिलं तर हा प्रश्न फक्त मार्कचाच. दुसऱ्या कोणीही तो दिलेला नाही. म्हणजे जो फरक दाखवायला पान छापलं तोच पुसला. पंचविसाव्या भागात गृहस्थ म्हणतात, 'मार्कमधला त्या बायकांचा प्रश्न पाहा', आणि ऐकणारा पान शोधत बसतो. मी प्रकाशकांना पान, रकाना, ओळ असं सगळं लिहून पाठवलं. आपला अभिप्राय मोलाचा आहे, असं यंत्राचं उत्तर आलं.

दुसरी तक्रार याहून गंभीर. खोक्यावर 'सुधारित आवृत्ती' लिहिलंय. पण सातव्या भागात गृहस्थ उत्साहाने सांगतात की मार्कचा एक तुकडा सापडला आहे, तो पहिल्याच शतकातला असल्याचं कळतं, आणि लवकरच तो प्रसिद्ध होईल. झाला की प्रसिद्ध! २०१२ साली एका जाहीर वादविवादात या तुकड्याची घोषणा झाली होती, सहा वर्षं नुसती कुजबुज चालली. २०१८ मध्ये तो इजिप्तमधल्या ऑक्सिऱ्हिंकस इथे सापडलेल्या पपायरसांच्या मालिकेत छापून आला तेव्हा तज्ज्ञांनी दिलेली तारीख होती दुसऱ्या शतकाची अखेर किंवा तिसऱ्याचा आरंभ. घोषणा करणाऱ्यांनी चूक कबूलही केली. इकडे मालिकेत मात्र तुकडा अजून 'लवकरच' येतोय. मग सुधारलं काय, खोक्याचा रंग? तारखांच्या बाबतीत किती जपून राहावं लागतं ते याच मालिकेत दुसरीकडे नीट सांगितलंय. मँचेस्टरच्या रायलंड्स ग्रंथालयात योहानाचा एक तुकडा आहे, तळहाताएवढाही नाही, १९३५ साली प्रसिद्ध झालेला. तो दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला असं छातीठोकपणे सांगत असत. नुसत्या अक्षराच्या वळणावरून इतकी नेमकी तारीख काढता येत नाही, पन्नास-शंभर वर्षं इकडेतिकडे होऊ शकतात, असं आता बरेच जण म्हणतात. हे बाई सांगतात. गृहस्थांनी त्यांचा भाग ऐकला नसावा.

जनगणनेवरचा भाग कंटाळवाणा आहे, थोडक्यात आटोपते. लूक म्हणतो, येशू जन्मला तेव्हा क्विरिनियस सिरियाचा सुभेदार असतानाची नावनिशी चालू होती. योसेफस या ज्यू इतिहासकारानुसार ती इसवी सन ६ची. पण येशू हेरोद राजाच्या काळात जन्मला असं मत्तय सांगतो, लूकचीही सुरुवात त्याच काळात होते. आणि हा थोरला हेरोद, म्हणजे अंतिपासचा बाप, इसवी सन पूर्व ४ मध्ये वारला असं सर्वसाधारणपणे मानतात. दहाएक वर्षांचं अंतर. गृहस्थ वीस मिनिटं खटपट करतात: क्विरिनियस आधीही एकदा सुभेदार असेल, किंवा लूक 'पहिली नावनिशी' म्हणतो त्यातल्या ग्रीक शब्दाचा अर्थ 'पहिली' नसून 'आधीची' असेल. लूकने इथे घोळ केलाय, एवढं एक वाक्य म्हटलं असतं तर त्यांच्या बाकीच्या भागांवर माझा जास्त विश्वास बसला असता.

कारण हेच गृहस्थ नावांवर बोलतात तेव्हा ऐकत राहावंसं वाटतं. २००२ साली ताल इलान यांनी त्या काळच्या पॅलेस्टाइनमधल्या ज्यू माणसांच्या नावांचा मोठा कोश केला, शिलालेख, अस्थिपेट्या, कागदपत्रं, सगळं धुंडाळून. पुरुषांत शिमोन आणि योसेफ ही सर्वांत जास्त आढळणारी नावं. २००६ साली रिचर्ड बॉकम यांनी ही यादी शुभवर्तमानांतल्या नावांशी ताडून पाहिली आणि दाखवलं की दोन्हींचं प्रमाण पुष्कळ जुळतं. इजिप्तमधल्या ज्यूंची नावं वेगळ्या वळणाची होती. दूर बसून कोणी पात्रं रचली असती तर हे प्रमाण साधणं कठीण. शिवाय नावाला जोड कुठे आहे ते बघा. शिमोन म्हटलं की पेत्र, कनानी, कुष्ठरोगी असं काहीतरी चिकटतं, कारण गल्लीत शिमोन उदंड. फिलिप्पाला काही चिकटत नाही.

याला बाईंचं उत्तरही तोलाचं आहे: नावं थोडी आहेत, त्यावरून टक्केवारी काढणं धाडसाचं, आणि खऱ्या नावांभोवती रचलेली गोष्टही असू शकते. मान्य. तरी मला त्यातली एक जागा सोडवत नाही. येशूचा क्रूस वाहायला एका वाटसरूला वेठीला धरतात, शिमोन कुरेनेकर. मार्क म्हणतो, हा आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप. बस्स. हे दोघं कोण ते पुढे-मागे कुठेच सांगत नाही. मत्तय आणि लूक तोच प्रसंग सांगतात आणि ही दोन नावं गाळतात. संपादक कोणतं नाव गाळतो? वाचकाला जे कळणार नाही ते. मग मार्कने का ठेवलं? त्याचे वाचक त्या पोरांना ओळखत असतील म्हणून, असा तर्क आहे. सिद्ध काही होत नाही. पण रकान्यांत ती दोन नावं एकटीच उभी दिसतात आणि शेजारी पांढरी जागा. त्या पांढऱ्या जागेकडे मी बराच वेळ बघत होते.

येशूच्या बाप्तिस्म्याचं पानही असंच, नकाशासारखं. मार्क सरळ सांगतो की योहानाने (शुभवर्तमानाचा नव्हे, बाप्तिस्मा करणाऱ्या) येशूला बाप्तिस्मा दिला. मत्तयात योहान संकोचतो, 'मीच आपल्याकडून घ्यायला हवा.' लूक योहानाला तुरुंगात टाकल्याचं आधी सांगून टाकतो आणि मग बाप्तिस्म्याचा उल्लेख करतो, देणाऱ्याचं नाव न घेता. चौथ्या रकान्यात, योहानाच्या शुभवर्तमानात, बाप्तिस्मा घडताना दाखवलेलाच नाही. लहानाने थोराला बाप्तिस्मा द्यावा ही गोष्ट अवघड जात होती, म्हणूनच ती कोणी रचलेली नसणार, असा युक्तिवाद इथून निघतो आणि तो दोघांनाही मान्य आहे. अशा कसोट्यांवर अलीकडे बरीच टीका झाली आहे, ती शेवटच्या भागात चार मिनिटांत उरकली.

या अभ्यासाच्या इतिहासाचा भाग ठीक. अठराव्या शतकातला रायमारुस येशूवरचं आपलं टीकात्मक लिखाण जिवंतपणी छापायला धजला नाही, लेसिंग या लेखकाने त्याच्या पश्चात त्यातले तुकडे प्रसिद्ध केले. स्ट्राउसने १८३५मध्ये येशूचं चिकित्सक चरित्र लिहिलं आणि नोकरी गमावली. १८३९ला झुरिकने प्राध्यापकी दिली, तर लोक इतके खवळले की रुजू होण्याआधीच पेन्शन देऊन वाटेला लावलं. शिकवायच्या आधी पेन्शन, असं भाग्य कोणाला! १९८५ला अमेरिकेत सुरू झालेल्या 'जीझस सेमिनार'मध्ये विद्वान येशूच्या एकेका वाक्यावर रंगीत मणी टाकून मतदान करत: लाल म्हणजे खात्रीने त्याचं, काळा म्हणजे नाही, मधे गुलाबी आणि करडा. लाल-गुलाबी मिळून अठरा टक्क्यांच्या आसपास वाक्यं उरली. मैत्रिणीने मान हलवली. "आमच्या वर्गातली पोरं यापेक्षा नीट मतदान करतात."

चौथ्या रकान्यावर मात्र अन्याय झालाय. योहानाला अठ्ठावीसपैकी दोन भाग. मंदिरातल्या व्यापाऱ्यांना हाकलणं तो सुरुवातीलाच सांगतो, बाकीचे तिघं शेवटच्या आठवड्यात. येशू वल्हांडण या ज्यू सणाचं भोजन करून दुसऱ्या दिवशी मरतो असं मार्क म्हणतो. योहानात तो वल्हांडणाच्या तयारीच्या दिवशीच, म्हणजे त्या भोजनाआधीच मरतो. इथे दोघांनाही मुळात बरंच बोलता आलं असतं. उलट यरुशलेमातल्या बेथेस्दा तळ्याचे पाच ओवऱ्यांचे तपशील योहानच देतो, आणि तिथल्या उत्खननात जुळी तळी सापडली आहेत. सर्वांत उशिराचा मानलेला लेखक, कालक्रमात इतरांपासून फटकून, आणि गावाची खडान्‌खडा माहिती! एवढं खाद्य असताना दोन भागांत गुंडाळलं.

ध्वनी स्वच्छ आहे. बाई दर वाक्याच्या शेवटी आवाज खाली नेतात, इयरफोन लावूनच ऐका. पुस्तिकेचा कागद चांगला, बांधणी रद्दड. दुसऱ्या महिन्यात शिवण सुटली. सूची आहे, पण वचनांची नाही, आणि वचनसूचीशिवाय असली पुस्तिका म्हणजे पान क्रमांकाशिवाय शब्दकोश. पाचपैकी तीन. नववा आणि अकरावा भाग नसते तर दोन दिले असते. ज्यांना निकाल हवा आहे त्यांनी घेऊ नये. ज्यांना दोन कागद शेजारी ठेवून ओळीओळीने बोट फिरवायला आवडतं त्यांनी जरूर घ्यावी, आणि आधी एकशे बारावं पान उघडून पाहावं. तुमच्या प्रतीत तरी तो प्रश्न आलाय का.

माझी पुस्तिका मैत्रीण पंधरा दिवस घेऊन गेली होती. परत आली तेव्हा एकशे बाराव्या पानाच्या समासात तिच्या रेखीव अक्षरात, पेन्सिलीने, गळलेलं वचन लिहिलेलं होतं, मराठीत, पाठ होतं तसं. त्याला जोडून 'कारण धोंड फार मोठी होती' हेही. ते मार्कचंच, पण पुढच्या वचनातलं, आणि ते रकान्यात आधीच छापलेलं आहे. म्हणजे आता दोनदा झालं. आणि खाली, कबरेत बसलेल्याला मार्क नुसता 'तरुण' म्हणतो तिथे, त्या शब्दावर काकपद देऊन तिने लिहिलं होतं, 'देवदूत'.

मी खोडरबर शोधून आणलं. मग परत डबीत ठेवून दिलं.